वीज गेली तरी हिशेब राहावा
संगणक 'हायबरनेट' होत नसेल तर दुकानदाराने काय तपासावे?

संगणक ही आता शहरातील मोठ्या पेढीचीच वस्तू राहिलेली नाही. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावातही कापड दुकान, किराणा, टेलरिंग, झेरॉक्स, सेवा केंद्र अशा कोणत्याही ठिकाणी गल्ल्याशेजारी संगणक किंवा लॅपटॉप दिसतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला बिले व विवरणपत्रे यांसाठी संगणकाशी संबंध ठेवावाच लागला. उधारीची खाती, गिऱ्हाइकांची मापे, मालाची यादी हळूहळू वहीतून संगणकात गेली.

परंतु वही आणि संगणक यांत एक मोठा फरक आहे. लाईट गेली म्हणून वहीतील ओळ पुसली जात नाही. संगणकावर मात्र अर्धवट राहिलेले काम एका क्षणात नाहीसे होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याने जे भारनियमन सोसले, त्याची आठवण अजून ताजी आहे. आजही वळवाच्या पावसात तार तुटते, डीपी जळते, फ्यूज उडतो, आणि वीज केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी कामाला येणारी सोय म्हणजे 'हायबरनेट'. ही सोय बहुतेक संगणकांत असते. पण ऐन वेळी ती चालत नाही अशी तक्रार पुष्कळांची असते. ती कशी दूर करावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

हिशेब जपणे हे कर्तव्य आहे

सूरह अल-बकराची आयत क्रमांक २८२ ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, आणि तिचा विषय मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी शिकवण तीत आहे. आपल्या संगणकातील नोंद ही केवळ आपली नसते. ती गिऱ्हाइकाचीही असते, माल देणाऱ्या व्यापाऱ्याचीही असते. नोंद हरवली तर आपले नुकसान होतेच, शिवाय दुसऱ्याच्या हक्काबद्दल वाद उभा राहतो. म्हणून यंत्राची ही बाजू समजून घेणे हा व्यापाराचाच भाग समजावा.

हायबरनेट म्हणजे काय?

संगणकात काम चालू असते तेव्हा ते 'रॅम' नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. रॅम म्हणजे आपली कच्ची वही. हार्ड डिस्क म्हणजे पक्की खतावणी. वीज गेली की कच्ची वही कोरी होते, खतावणी तशीच राहते.

संगणक थांबवण्याच्या तीन रीती आहेत.

१) शटडाउन : सर्व कामे बंद करून यंत्र बंद होते. पुन्हा सुरू केल्यावर सर्व काही नव्याने उघडावे लागते.

२) स्लीप : पडदा काळा होतो, परंतु रॅमला थोडी वीज मिळत राहते. यूपीएस किंवा बॅटरी संपली की रॅममधील काम जाते.

३) हायबरनेट : रॅममध्ये जे आहे ते हार्ड डिस्कवरील एका फाइलमध्ये उतरवले जाते आणि मग यंत्र पूर्ण बंद होते. दोन दिवस वीज नसली तरी चालते. पुन्हा सुरू केल्यावर उघडे बिल, अर्धवट यादी, सर्व जिथे होते तिथे दिसते.

ही फाइल सी ड्राइव्हवर लपवलेली असते व तिचे नाव 'हायबरफिल डॉट सिस' असे आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये वीज-व्यवस्थापनाचे एक समान मानक प्रसिद्ध केले. त्यात स्लीपला 'एस-३' व हायबरनेटला 'एस-४' अशी नावे आहेत. ही नावे पुढे तपासणीत दिसतील, तेव्हा गोंधळू नये.

आधी तक्रार नेमकी ओळखा

'संगणक हायबरनेट होत नाही' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात :

अ) हायबरनेट हा पर्यायच दिसत नाही.
आ) पर्याय दिसतो, पण यंत्र तसे होत नाही.
इ) होते, पण लगेच जागे होते किंवा परत उघडताना अडते.
ई) हाताने केल्यास होते, पण वीज गेल्यावर आपोआप होत नाही.

प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. दुरुस्ती करणारा आल्याबरोबर 'विंडोज मारावी लागेल' म्हणाला तर घाई करू नये. विंडोज नव्याने टाकताना डिस्क फॉरमॅट केली आणि हिशेबाची प्रत आधी काढलेली नसली, तर जे वाचवायचे तेच जाईल. पुढील तपासणी दुकानदार स्वतः अर्ध्या तासात करू शकतो. सुरुवातीला एवढेच करावे : सर्व फाइली सेव्ह कराव्यात, हिशेबाचा प्रोग्राम बंद करावा आणि माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी.

अ) पर्यायच दिसत नसेल तर

विंडोज १० व ११ मध्ये कंट्रोल पॅनेल उघडून 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये जावे. डाव्या बाजूला 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' ही ओळ असते. तेथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबली की खालचे चौकोन खुले होतात. त्यांतील 'हायबरनेट' समोर खूण करून सेव्ह करावे. पुष्कळांचे काम येथेच होते.

चौकोनच नसेल तर संगणकालाच कारण विचारावे. स्टार्टमध्ये 'सीएमडी' ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करावीत. जे नाव येईल त्यावर माउसची उजवी कळ दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. काळी खिडकी उघडेल. तीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही आठ अक्षरे सलग लिहावीत. या शब्दाला आपण 'पॉवरसीएफजी' म्हणू. नंतर एक जागा सोडून तिरपी रेघ (ती प्रश्नचिन्हाच्याच कळीवर असते) व तिला लागून 'ए' हे अक्षर लिहून एंटर दाबावे.

संगणक दोन याद्या देतो. पहिलीत उपलब्ध असलेले प्रकार असतात. दुसरीत उपलब्ध नसलेले प्रकार असतात, आणि प्रत्येकाखाली कारण असते. दुसऱ्या यादीत हायबरनेट असेल तर त्याखालचे कारण कागदावर उतरवून घ्यावे. साधारणतः पुढीलपैकी एखादे असते.

१) हायबरनेशन चालू केलेले नाही. सी ड्राइव्हवर जागा मोकळी करण्यासाठी कोणीतरी ते बंद केलेले असते. लहान क्षमतेची एसएसडी बसवताना असे अनेकदा केले जाते. उपाय : त्याच खिडकीत पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ व 'एच', पुन्हा जागा, मग 'ऑन' (ओ, एन) लिहून एंटर दाबावे.

२) फाइलचा प्रकार अपुरा आहे. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' साठी छोटी फाइल पुरते. पूर्ण हायबरनेटला मोठी लागते. उपाय : पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ व 'एच', जागा, तिरपी रेघ व 'टाइप', जागा, 'फुल'. विंडोज १० मध्ये ही पूर्ण फाइल सर्वसाधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. म्हणजे ८ जीबी रॅम असल्यास सुमारे ३.२ जीबी जागा सी ड्राइव्हवर हवी. विंडोज ७ मध्ये हे प्रमाण ७५ टक्के होते.

३) ग्राफिक्सने अडवले आहे. फॉरमॅट करून आणलेल्या यंत्रात हा दोष वारंवार आढळतो. पडद्यावरील अक्षरे बेढब मोठी दिसतात, कारण डिस्प्लेचा खरा ड्रायव्हर टाकलेलाच नसतो. मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला की हायबरनेट परत येते.

४) यंत्राचे फर्मवेअर साथ देत नाही. अशा वेळी बायोसमधील वीज-व्यवस्थापनाचा पर्याय पाहावा लागतो. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

विंडोज ७ चालू असलेल्या जुन्या यंत्रात आणखी एक गोष्ट आढळते. 'हायब्रिड स्लीप' चालू असेल तर हायबरनेट हे नाव मेनूतून लपते. पॉवर ऑप्शन्सच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात हायब्रिड स्लीप बंद केली की ते दिसू लागते. मात्र विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या यंत्रावर पैशांचे व्यवहार होतात ते यंत्र शक्य तितक्या लवकर नव्या आवृत्तीवर नेणे हिताचे आहे.

आ) पर्याय आहे, पण यंत्र ऐकत नसेल तर

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. ठरावीक मिनिटांनी आपोआप हायबरनेट होणे वेगळे आणि आपण बटण दाबून करणे वेगळे.

आपोआप होत नसेल तर पॉवर ऑप्शन्समधील 'ॲडव्हान्स्ड' भागात 'स्लीप' खाली 'हायबरनेट आफ्टर' समोर किती मिनिटे आहेत ते पाहावे. 'नेव्हर' असेल तर यंत्र कधीच तसे करणार नाही. मिनिटे बरोबर असूनही होत नसेल, तर कोणीतरी त्याला जागे ठेवत आहे. कोण ते कळण्यासाठी काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ व 'रिक्वेस्ट्स' (आर, ई, क्यू, यू, ई, एस, टी, एस) लिहावे. ब्राउझरमध्ये चालू असलेली नात किंवा बयान, दुसऱ्या संगणकाने नेटवर्कवरून उघडलेली फाइल, चालू असलेला अपडेट, असे जे कारण असेल ते तेथे दिसते. ते बंद केले की अडथळा जातो.

बटण दाबूनही होत नसेल, म्हणजे पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळत असेल, तर दोष बहुधा एखाद्या जोडलेल्या उपकरणात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा डिस्कमध्ये असतो. प्रिंटर, बारकोड स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र, पेन ड्राइव्ह असे सर्व काढून पुन्हा प्रयत्न करावा. यश आले तर एकेक उपकरण जोडून पाहावे. ज्याच्यामुळे बिघडते त्याचा ड्रायव्हर नवा टाकावा. उपकरणे काढूनही फरक पडला नाही तर सी ड्राइव्हवर मोकळी जागा आहे का ते पाहावे व डिस्कची तपासणी करावी. डिस्क खराब होत चालल्याची ती पहिली खूणही असू शकते. अशा वेळी दुरुस्तीआधी माहितीची प्रत काढावी.

इ) लगेच जागे होत असेल किंवा उघडताना अडत असेल तर

यंत्र आपोआप का जागे झाले हे पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ व 'लास्टवेक' (एल, ए, एस, टी, डब्ल्यू, ए, के, ई) या आदेशाने विचारता येते. पुष्कळदा नेटवर्क कार्ड दोषी असते. 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये नेटवर्क कार्डावर जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावरील 'या उपकरणाने संगणक जागा करावा' या अर्थाची खूण काढावी. पॉवर ऑप्शन्समधील 'वेक टाइमर्स' हेही बंद करावेत.

गावात एक वेगळाच प्रकार दिसतो. दुकान बंद आहे, यंत्र हायबरनेट आहे, आणि वीज परत येताच ते स्वतःहून सुरू होते. हा हायबरनेटचा दोष नाही. बायोसमध्ये 'वीज परतल्यावर काय करावे' अशी एक सेटिंग असते. ती 'पॉवर ऑन' वर असते. ती 'पॉवर ऑफ' वर करून घ्यावी. नाहीतर बंद दुकानात रात्रभर यंत्र चालू राहते.

परत उघडताना पडदा काळाच राहिला तर थोडी वाट पाहावी, मग पॉवर बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावे व पुन्हा सुरू करावे. यात न सेव्ह केलेले काम जाईल, सेव्ह केलेले राहील. असे वारंवार होत असेल तर हायबरनेट एकदा 'ऑफ' करून पुन्हा 'ऑन' करावे, म्हणजे फाइल नव्याने तयार होते. डिस्प्लेचा ड्रायव्हरही नवा टाकावा. यंत्र हायबरनेट असताना रॅम बदलू नये, आणि ज्या पेन ड्राइव्हवरील फाइल उघडी आहे तो काढू नये.

ई) वीज गेल्यावर आपोआप होत नसेल तर

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची तक्रार आहे, आणि येथे बहुतेक वेळा संगणकाचा दोष नसतो. वीज गेली हे त्याला समजतच नाही.

साधा यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर संगणकाला फक्त वीज पुरवतो. त्याची पीं-पीं ही माणसासाठी असते. संगणकाला ती ऐकू येत नाही. बॅटरी संपेपर्यंत संगणक निश्चिंत चालतो आणि मग झटक्यात बंद पडतो. ज्या यूपीएसला यूएसबीची माहिती-तार असते, तोच संगणकाला खबर देऊ शकतो. अशी तार जोडली की सामान्यतः डेस्कटॉपवरही लॅपटॉपसारखे बॅटरीचे चिन्ह दिसू लागते. मग पॉवर ऑप्शन्सच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'बॅटरी' खाली 'क्रिटिकल बॅटरी ॲक्शन' समोर 'हायबरनेट' निवडावे. तेथील टक्केवारी फार कमी ठेवू नये. जुनी बॅटरी २० टक्के दाखवता दाखवता एकदम बसते. म्हणून १५ ते २० टक्क्यांवरच यंत्राने आवरते घेतलेले बरे. लॅपटॉपला हीच सेटिंग लागू आहे.

माहिती-तारेचा यूपीएस नसेल तर बिनखर्चाचा उपाय आहे. 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' या पानावर 'पॉवर बटण दाबल्यावर' याच्यासमोर 'हायबरनेट' निवडून ठेवावे. दुकानातील पोराला, नोकराला, घरातील मंडळींना एकच गोष्ट शिकवावी : यूपीएस वाजू लागला की पॉवर बटण एकदा दाबून सोडायचे; धरून ठेवायचे नाही. पुढचे यंत्र स्वतः करते.

त्याबरोबर एक मोजणी करावी. घड्याळ लावून आपले यंत्र हायबरनेट व्हायला किती वेळ घेते ते पाहावे. जुन्या हार्ड डिस्कला वेळ जास्त लागतो, एसएसडीला कमी. यूपीएस त्याच्या निदान तिप्पट वेळ टिकला पाहिजे. टिकत नसेल तर यूपीएसची बॅटरी बदलावी; आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर थकते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो तापताना इतकी वीज खेचतो की लहान यूपीएस तत्काळ बसतो. झेरॉक्सवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हायबरनेटवर किती विसंबावे?

हायबरनेट ही तात्पुरती सोय आहे, हिशेबाची प्रत नव्हे. डिस्क बिघडली तर तीही जाईल. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) काम करताना वेळोवेळी सेव्ह करावे. रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची प्रत काढावी. एक प्रत दुकानात व एक घरी असावी.

२) दोन संगणकांवर एकच हिशेब चालत असेल, तर ज्या यंत्रावर मूळ माहिती आहे ते आपोआप हायबरनेट होऊ देऊ नये, दुसऱ्याचे काम मध्येच तुटते. आधी दुसऱ्या यंत्रावरील प्रोग्राम बंद करावा, मग मूळ यंत्र थांबवावे.

३) सेवा केंद्र चालवणाऱ्या बांधवांनी लक्षात ठेवावे की सरकारी किंवा बँकेच्या संकेतस्थळावरील प्रवेश काही वेळाने आपोआप रद्द होतो. यंत्र जागे झाल्यावर फॉर्म पडद्यावर दिसेल, परंतु पुन्हा प्रवेश करावा लागेल व भरलेले जाऊ शकेल. अर्ज आधी मसुदा म्हणून जतन करावा.

४) जागे होताना पासवर्ड मागितला जाईल अशी व्यवस्था असावी. गिऱ्हाइकाची उधारी, त्याचा आधार क्रमांक, त्याची कागदपत्रे ही आपल्याकडील अमानत आहे. गल्ल्यावर येणाऱ्या कोणालाही ती दिसू नये. जुना संगणक विकतानाही डिस्क पूर्ण पुसूनच द्यावी.

परीक्षा आधी, प्रसंग नंतर

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शिलाईच्या दुकानात चाळीस गिऱ्हाइकांची मापे पडद्यावर उघडी आहेत आणि लाईट गेली, अशी वेळ हायबरनेट चालते की नाही हे पाहण्याची नव्हे. ती तपासणी शांतपणे, आधी व्हायला हवी. शुक्रवारी जुम्याच्या नमाजेसाठी दुकान बंद होतेच. त्या वेळी एक नमुन्याची यादी उघडी ठेवून पॉवर बटण दाबावे, यंत्र पूर्ण बंद झाल्यावर मुख्य स्विचही बंद करावा आणि नमाजेहून परतल्यावर सुरू करून पाहावे. यादी जशीच्या तशी दिसली तर व्यवस्था ठीक आहे. दिसली नाही तर वरील चारपैकी कोणती तक्रार आहे ते ओळखून उपाय करावा. महिन्यातून एकदा ही परीक्षा घेत जावी, म्हणजे यूपीएसची बॅटरी थकल्याचेही वेळेत कळेल.

वीज आपल्या हाती नाही, परंतु नोंद जपण्याची तयारी आपल्या हाती आहे. ती केली तर अंधारातही आपला हिशेब स्वच्छ राहील, इन्शाअल्लाह.